सलीमचे अनवाणी पाय

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर असरनंतर मुलं वाळूत फुटबॉल खेळतात. अंगात युरोपातल्या क्लबांच्या जर्सी, पाय मात्र अनवाणी. या मुलांना मी वर्गात सेल्टिकची गोष्ट सांगतो.

१८८७ साली स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात ब्रदर वॉलफ्रिड या कॅथलिक धर्मबंधूंनी हा क्लब काढला. हेतू एवढाच, की गरीब आयरिश स्थलांतरितांच्या मुलांच्या जेवणाला चार पैसे जमावेत. याच क्लबने १९६७ साली इंटर मिलानला २-१ ने हरवून युरोपियन कप जिंकला. ब्रिटनमधला हा पहिला मान. सगळे खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या आतले, प्रशिक्षक जॉक स्टीन मात्र प्रोटेस्टंट!

त्याच्या कितीतरी आधी, १९३६ साली, सेल्टिकने कोलकात्याच्या मोहम्मद सलीमला मैदानात उतरवलं होतं. बुटांची सवय नाही, म्हणून पायांना पट्ट्या बांधून तो खेळला. दोन सामने गाजवले आणि घरच्या ओढीने परत आला. त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने १९४० साली आपल्या मुंबईत रोव्हर्स कपही जिंकला.

आमच्या उर्दू शाळेला लोक सहज 'त्यांची शाळा' म्हणतात. तेव्हा मला सेल्टिक आठवतो. आपल्या माणसांसाठी संस्था काढण्यात गैर काही नाही. तिचं दार परक्यासाठी किती उघडतं, ते बघावं. म्हणून आमच्या वर्गात मराठीही तितक्याच मायेने शिकवली जाते.