हृदयाची उजवी बाजू

आमच्या घरांत हृदयाविषयीं बोलणें म्हणजे मायेविषयीं बोलणें, असाच आजवर प्रघात होता. त्या हृदयाला डावें-उजवें असतें, हें आम्हांला २०२३ सालीं कळलें.

माझा पुतण्या सैन्यांत आहे. त्या वर्षीं तो सियाचीनवर, सुमारें ५,८०० मीटर उंचीच्या ठाण्यावर होता. दोन महिने उलटतांच त्याला धाप लागूं लागली, पाय सुजले, पोट फुगलें. तरी दहा दिवस पोरानें अवाक्षर काढिलें नाहीं. अखेर वरिष्ठांच्या ध्यानीं आलें आणि त्याला खालीं उतरविण्यांत आलें. घरीं बातमी आली ती एवढीच, कीं हृदयावर ताण आला आहे. वहिनी देव पाण्यांत घालून बसल्या. त्यांतच मुलाचें लग्न ठरलेलें. मुलीकडून निरोप आला, "मुलाला हृदयविकार असल्याचें कानीं आलें. खरें काय तें कळवावें."

खरें काय तें आम्हांला तरी कोठें ठाऊक होतें? मीं आमच्या डॉक्टरांना गांठलें. त्यांनीं कागदावर हृदय काढून समजाविलें. डावी बाजू साऱ्या शरीराला रक्त पुरविते; उजवी केवळ शेजारच्या फुफ्फुसांना. शरीरांत जाणाऱ्या रक्ताचा सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारें ९० मिलिमीटरांचा, तर फुफ्फुसांत जाणाऱ्याचा अवघा १४ च्या आसपास. म्हणून उजव्या कप्प्याची भिंतही पातळ. आतां फुफ्फुसाच्या एखाद्या भागांत प्राणवायु कमी पडला, तर तेथील रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतें. फॉन ऑयलर व लिल्येस्ट्रांड यांनीं हें १९४६ सालीं मांजरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. सपाटीवर ही युक्ति हिताची. पण त्या उंचीवर हवेचा दाब निम्म्याहून कमी. प्राणवायु साऱ्याच फुफ्फुसाला अपुरा पडतो, साऱ्याच वाहिन्या आवळतात, आणि उजव्या कप्प्याला जणूं बंद दारावर धडका द्याव्या लागतात.

तो आधीं आपली भिंत जाड करून भार ओढतो. पुष्कळांचें तेवढ्यावर निभावतें. कोणाचा मात्र कप्पा ताणून रुंदावतो, रक्त मागें तुंबतें आणि पायांवर सूज चढते. ५,८०० ते ६,७०० मीटरांवर राहिलेल्या २१ भारतीय जवानांची अशीच हकीकत १९९० सालीं प्रसिद्ध झाली. खालीं आल्यावर ते सुधारले. लडाखांतील याकाच्या फुफ्फुसांतल्या वाहिन्या पातळ असतात व फारशा आवळत नाहींत. तो तेथें सुखानें चरतो. माणसाला मुख्य उपाय म्हणजे वेळींच खालीं उतरणें.

"म्हणजे हृदय दुबळें नव्हतें?" मीं विचारिलें.

"नव्हतें. ओझें अवजड होतें," ते म्हणाले.

चार महिन्यांनीं इको तपासणींत उजवा कप्पा पूर्ववत् दिसला. मीं मुलीच्या वडिलांना सारें लिहिलें. पुन्हां तितक्या उंचीवर जाणें त्याच्या हिताचें नाहीं, हेंही लपविलें नाहीं. वहिनींना तें वाक्य नको होतें. पण अर्धें सत्य सांगून सून आणणें मला मानवेना.

आठ दिवसांनीं खुद्द मुलीचेंच उत्तर आलें. "आजार कळला, त्याची भीति वाटत नाहीं. परंतु दहा दिवस ते गप्प कां राहिले, एवढें त्यांनीं स्वतः मला सांगावें."

पत्र वाचून पुतण्या खालीं मान घालून बसला. मग उठला आणि तिला उत्तर लिहावयास आंतल्या खोलींत गेला. वहिनींनीं देव पाण्यांतून काढले.