केन्सिंग्टनच्या बागेतील पाच पोरकी मुले

लंडनला गेलेला आपला माणूस आधी १०, किंग हेन्रीज रोड या घरी जातो. १९२१-२२ साली परमपूज्य बाबासाहेब येथे विद्यार्थी म्हणून राहत होते. २०१५ साली या घराचे स्मारक झाले. आम्हीही तेथे प्रथम नतमस्तक झालो आणि मग केन्सिंग्टनच्या बागेची वाट धरली.

या बागेत तळ्याच्या काठी एका मुलाचा कांस्य पुतळा आहे. हातात पावा, पायाशी ससे, खारी, उंदीर आणि पऱ्या. हा पीटर पॅन, कधीच मोठा न होणारा मुलगा. नाटककार जेम्स बॅरी यांनी १९१२ साली हा पुतळा स्वखर्चाने उभारला. तोही रातोरात, म्हणजे १ मेच्या सकाळी बागेत आलेल्या मुलांना तो अचानक दिसावा.

हा बॅरी काही सरदार घराण्यातला नव्हता. स्कॉटलंडमधील किरिम्यूर गावी १८६० साली एका विणकराच्या घरी तो जन्मला. बाप हातमागावर कापड विणायचा. जेम्स सहा वर्षांचा असताना थोरला भाऊ डेव्हिड बर्फावर खेळताना अपघात होऊन वारला. त्याला चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. आईने अंथरूण धरले. तिला बरे वाटावे म्हणून धाकटा जेम्स मेलेल्या भावाचे कपडे घालून तिच्यापुढे उभा राहिला. आईच्या मनात डेव्हिड कायम लहानच राहिला. कधीच मोठा न होणारा मुलगा बॅरीने आधी घरातच पाहिला होता.

१८९७ साली याच बागेत बॅरीला डेव्हिस कुटुंबातली मुले भेटली. जॉर्ज, जॅक आणि बाबागाडीतला पीटर. पुढे मायकेल व निको झाले. बॅरीला स्वतःचे मूल नव्हते. तो या पोरांना गोष्टी सांगायचा, त्यांच्याशी लुटुपुटीच्या लढाया खेळायचा. त्यातूनच नाटक तयार झाले आणि २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या रंगभूमीवर आले.

पण या घरावर दुःखाची रांगच लागली. वडील आर्थर वकील होते. १९०७ साली जबड्याच्या कॅन्सरने ते गेले. आई सिल्व्हियालाही कॅन्सरने गाठले आणि १९१० साली तीही गेली. पाच मुले पोरकी झाली. थोरला सतरा वर्षांचा, धाकटा सात वर्षांचाही नाही. बॅरीने त्यांचा सांभाळ केला, शिक्षणाचा खर्च उचलला.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुलांच्या दाईजवळ तिची बहीण जेनी हिने येऊन राहावे, असे सिल्व्हियाने लिहून ठेवले होते. बॅरीने त्या कागदाची नक्कल केली, तीत जेनीचे 'जिमी' झाले. जिमी म्हणजे स्वतः बॅरी! चूक की मुद्दाम, कोण सांगणार? माया खरी होती, पण त्या मायेत हक्कही होता.

मरण तरी थांबले नाही. १९१५ साली जॉर्ज महायुद्धात मारला गेला. १९२१ साली मायकेल ऑक्सफर्डजवळ बुडाला. पीटरला 'तूच का तो पीटर पॅन?' हा प्रश्न जन्मभर चिकटला, तो त्याला जाचत राहिला. १९६० साली त्याने स्वतःच आपले आयुष्य संपविले.

बाबासाहेब ज्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात तासन् तास वाचत बसत, तेथून चालत जाण्याच्या अंतरावर ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचे मुलांचे रुग्णालय आहे. १९२९ साली बॅरीने या नाटकाचे सर्व हक्क त्या रुग्णालयाला देऊन टाकले. त्यातून किती पैसा मिळतो, हे जाहीर करू नये अशी त्याची इच्छा होती. १९८७ साली हक्कांची मुदत संपली, तेव्हा पार्लमेंटने १९८८ साली कायदा करून ब्रिटनमधील हे उत्पन्न रुग्णालयाकडे कायम ठेवले.

वाचकहो, किसा गोतमीला तथागतांनी मोहरी आणायला पाठविले होते. ज्या घरात कोणी मेले नाही, असे घर तिला मिळाले नाही. आमच्या बाबासाहेबांची आणि माता रमाईंची पाचपैकी चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न १९२६ साली गेला. त्याच बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून हजारो लेकरांना शिकून मोठे होण्याची वाट करून दिली.

आमच्या वस्त्यांतही आईबाप गेलेली मुले असतात. चुलते, मामा, शेजारी त्यांना पोसतात, हे आपले मोठेपण आहे. पण वह्या-पुस्तके आणि फी देऊन काम संपत नाही. त्या मुलाला कोणाजवळ राहायचे आहे, काय शिकायचे आहे, हे त्यालाही विचारले पाहिजे. गेलेल्या माणसाची जागा भरण्यासाठी त्याला वापरू नये. मूल मोठे होणारच, त्याला त्याच्या पायांवर मोठे होऊ द्यावे.