वीस लिटर समुद्र, मुक्काम पोस्ट ईट

ऑफिसमध्ये ‘मे महिनाभर ईटहून काम करतेय’ असं सांगितलं की दोन जोक ठरलेले. एक, ‘जाऊन काय ईट करणार?’ आणि दुसरा हिंदीवाल्या मित्राचा, ‘ईंट? बंगला बांधतेयस की काय?’ तर मंडळी, ईट हे गाव आहे. जिल्हा धाराशिव, तालुका भूम. बालाघाटच्या डोंगररांगांमधलं, ज्वारीचं आणि दुधाचं. पहिल्या जोकला सरळ उत्तरही आहे: खवा. हा सगळा पट्टाच खव्याच्या भट्ट्यांचा. याच तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला आता जीआय मानांकनही मिळालंय.

समुद्र मात्र इथून सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे. मागच्या मे महिन्यात तो मी सोबतच घेऊन गेले. वीस लिटर.

पुण्यातल्या माझ्या वन बीएचकेमध्ये टीव्हीशेजारी मायक्रोवेव्हएवढी एक काचेची टाकी आहे. नॅनो रीफ म्हणतात त्याला. आत खारं पाणी, निळसर दिवा, कृत्रिम खडक आणि त्यावर सॉफ्ट कोरल्स. शर्टाच्या बटणाएवढी हिरवी-केशरी झोअँथिड्स, बशीसारखी मशरूम कोरल्स आणि सतत मुठी उघडझाप करणारी झेनिया. शिवाय एक कोळंबी, शंखात राहणारे दोन खेकडे, चार गोगलगायी. मासा नाही. वीस लिटरमध्ये मासा ठेवणं म्हणजे वन आरकेमध्ये घोडा पाळणं. (ज्यांना ‘निमो’ हवाच असेल त्यांनी मोठी टाकी घ्यावी आणि समुद्रातून पकडलेला नव्हे, पैदास केलेला क्लाउनफिश शोधावा. आपल्याकडे ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने ही पैदास करून दाखवली आहे.)

हार्ड कोरल, म्हणजे दगडासारखा सांगाडा बांधणारी प्रवाळं, माझ्याकडे नाहीत आणि येणारही नाहीत. २००१ पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. दुकानदार कितीही ‘मॅडम, सब चलता है’ म्हणाला तरी चालत नाही. समुद्रातून उचललेला प्रवाळाचा ‘लाइव्ह रॉक’ही नको. सिरॅमिकचा खडक घ्यायचा, काही महिने धीर धरायचा, त्यावर जिवाणू आपोआप वस्तीला येतात.

आता हे लटांबर गावी कशाला? तर कुंड्या शेजारच्या काकूंकडे ठेवता येतात, मांजर मैत्रिणीकडे. समुद्र कुणी ठेवून घेत नाही. आणि इथेच या छंदाचा सगळ्यात महत्त्वाचा फंडा आहे. लोकांना वाटतं छोटी टाकी म्हणजे छोटं काम. उलटं आहे बॉस. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. चारशे लिटरच्या टाकीतून दोन लिटर पाणी उडालं तर आतल्यांना पत्ताही लागत नाही. माझ्या वीसमधून दोन उडालं तर आकडा थेट ३९ च्या जवळ जातो, आणि गोगलगायी आत मिटून बसतात. थोड्या पाण्यात सगळंच लवकर बदलतं. खारटपणा, तापमान, घाण, सगळं.

पहाटे चारला निघालो, ऊन टाळायला. कोरल्स आणि खडक झाकणाच्या बादलीत, जुनं पाणी दोन कॅनमध्ये, बादलीत बॅटरीवरचा एअर पंप गुरगुरतोय. नगर (आता अहिल्यानगर, पण जिभेला अजून सवय नाही), जामखेड, मग खर्डा. १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला जिथे हरवलं तेच हे खर्डा. एरवी मी किल्ल्यापाशी थांबते. या वेळी बादलीतलं पाणी २८ अंशांवर गेलं होतं, त्यामुळे इतिहासाला लांबूनच नमस्कार.

ईटचं आमचं घर माळवदाचं. जाड भिंती, वर मातीचं छत. माजघरात भर दुपारीसुद्धा बरं वाटतं. तिथल्या दगडी ओट्यावर टाकी मांडली आणि अर्ध्या तासात निम्मी गल्ली आत. झेनियानं मुठी उघडायला दोन दिवस घेतले, तोवर पब्लिकची निराशा झाली.

‘आगं, मासा कुठाय ह्याच्यात?’ काकू.

‘मासा नाही काकू. हेच प्राणी आहेत.’

‘ही फुलं?’

‘फुलं नाहीत. तोंड आहे त्यांना.’

काकूंनी चष्मा वर करून बघितलं. ‘आन् ह्यांच्यासाठी तू पुण्याहून पाणी आणलंस? हितं आमाला नाही प्याला!’

हसत म्हणाल्या, पण ते काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नळाला चौथ्या दिवशी पाणी येत होतं. दारात निळे ड्रम, त्यांवर झाकणं, झाकणावर दगड. हा तोच मराठवाडा आहे, जिथे २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा घरात मी शोभेची टाकी मांडून बसले होते, आणि तिला रोज गोडं पाणी लागणार होतं. तेही शुद्ध, कारण बोअरच्या जड पाण्यातले क्षार टाकीत साठत जातात.

किती लागतं, हे मी पहिल्या आठवड्यात मोजलं. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांची उन्हाळ्यातली मुख्य डोकेदुखी थंडी नसून गरमी असते. पाणी ३० अंशांच्या वर राहिलं की प्रवाळाच्या अंगात राहणारी, त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शेवाळं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हेच झालं. उपाय म्हणून पाण्यावर छोटा पंखा लावतात. मुंबईच्या दमट हवेत तो नुसता फिरतो. ईटच्या कोरड्या हवेत मात्र कमाल झाली. माजघरात ३४ अंश, टाकीत २७.५! माठाचंच तंत्र. पण माठ जसा पाझरून गार होतो तशी ही टाकी उडून गार होते. रोज सव्वा लिटर पाणी गायब. म्हणजे गारवा हवा तर पाणी मोजा, पाणी वाचवायचं तर प्रवाळ शिजवा.

हे मला समजावून सांगावं लागलं नाही. शेजारच्या भट्टीवाल्या नानांनी एका वाक्यात संपवलं. त्यांच्या कढईत रोज दूध आटतं, पाच लिटरचा एक किलो खवा होतो. टाकीवर आधल्या दिवशी मी लावलेली चिकटपट्टीची खूण आणि खाली गेलेलं पाणी बघून म्हणाले, ‘पाणी उडालं, मीठ ऱ्हायलं. मंग ह्यो समुद्राचा खवाच की गं.’ परदेशी हौशी लोकांची जाडजूड पुस्तकं वाचून मला जे कळलं होतं ते इतकंच होतं.

मग पाण्याचा शोध सुरू झाला. गावात वीस लिटरचे थंड पाण्याचे जार मिळतात, पण माझ्या टीडीएस मीटरवर तो आकडा जमेना. पिण्यासाठी ठीक, टाकीसाठी जड. घरी आरओ लावावा तर तो एक लिटर चांगलं देताना दोन-तीन लिटर बाजूला टाकतो. या गावात ते बघवलं नसतं. काकूंनी मोठ्या मायेनं तांब्याच्या हंड्यातलं रात्रभर मुरलेलं पाणी पुढे केलं, ‘हे घाल, तब्येतीला चांगलं.’ माणसाच्या तब्येतीला असेल, पण कोळंबी आणि गोगलगायींना तांबं म्हणजे विष, अगदी थोडं असलं तरी. हे सांगताना मला काकूंपेक्षा जास्त वाईट वाटलं. शेवटी उत्तर सापडलं स्टँडजवळच्या गॅरेजात. बॅटरीचं पाणी! ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, पाच लिटरच्या कॅनमधलं. मीटर लावला, जवळजवळ शून्य. चार दिवसांची सोय. गॅरेजवाल्याला वाटलं मी इन्व्हर्टरचा धंदा टाकतेय.

लाइटचं म्हणाल तर ती जायचीच. जायची म्हणजे सकाळी सहा ते दुपारी, किंवा संध्याकाळी पाहुण्यासारखी येऊन परत. दिवा नसला तर कोरल्सचं एक-दोन दिवस अडत नाही, पाणी हललं नाही तर मात्र प्राणवायू संपतो. मोबाइलच्या पॉवर बँकेवर एअर पंप लावून ठेवला, तो रात्रभर चालायचा.

गल्लीतली पोरं सारखी हात घालायला बघायची. त्यांना मी ओट्यापासून वीतभर लांब खडूची रेघ मारून दिली. काही झोअँथिड्समध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. छंद म्हणून हे सुरू करणाऱ्यांनी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि नंतर साबण, यात आळस करू नये. त्यांचे खडक उकळायचे तर अजिबातच नाहीत, वाफेतूनही त्रास झाल्याच्या घटना आहेत.

एका मंगळवारी काकू देवपूजा आटोपून टाकीसमोर बसल्या. गळ्यात कवड्यांची माळ. आमच्याकडे तुळजाभवानीचं कुलदैवत, आणि भवानीच्या भक्ताच्या गळ्यात ही माळ असतेच. मी म्हटलं, ‘काकू, ही कवडी कुठून येते माहितीये?’

‘तुळजापूरहून. दुसरं कुठून?’

बरोबरच आहे. पण त्याआधी ती एका गोगलगायीचं घर असते, आणि ती गोगलगाय लक्षद्वीप-मालदीवसारख्या ठिकाणी प्रवाळाच्या खडकांत राहते. लग्नातल्या मंगळसूत्रातलं पोवळं, ते तर प्रवाळच. समुद्र न बघितलेल्या किती पिढ्यांनी या डोंगरात समुद्र गळ्यात घालून वावरलंय! काकूंनी माळेतली एक कवडी काचेला लावली, आतल्या गोगलगायीशी ताडून बघितली. ‘हिच्यात पण असलाच जीव हुता म्हणायचा,’ असं म्हणून बराच वेळ गप्प बसल्या. त्या दिवसापासून चिकटपट्टीच्या खुणेवर सकाळी लक्ष ठेवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

मी त्यांना मालवणचे फोटो दाखवले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९ चौरस किलोमीटरचं. तिथे स्नॉर्केलिंग करताना तीनएक मीटरवर प्रवाळं दिसतात, आणि त्यांवर पाय देऊन उभे राहिलेले पर्यटकही दिसतात. मुंबईतही आहेत. हाजीअली-वरळीच्या काळ्या खडकांना चिकटलेली, कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावलेली. ते खडक दख्खनच्या लाव्ह्याचे, म्हणजे आमच्या घराच्या ओट्याचे सख्खे भाऊ. ‘मंग तू हितंच का न्हाई दगड ठेवत आपला?’ काकूंनी विचारलं. सूचना चांगली होती, तपासून बघतेय.

पाण्याचा हिशोब मात्र त्यांनी सोडला नाही. आठवड्याला नऊएक लिटर गोडं पाणी, वर बदलायचं दोन लिटर खारं. अंगणातला कूलर एका दुपारी याहून जास्त पितो, हे मी सांगून बघितलं. ‘कूलर माणसाला हाय,’ हे उत्तर तयार होतं. यावर माझ्याकडे आजही मुद्दा नाही. बदललेलं खारं पाणी झाडांनाही चालत नाही, एवढंही त्याचं पुण्य नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. पहिल्या सरीचं पाणी सोडून दिलं, त्यात पत्र्यावरची धूळ असते. दुसऱ्या सरीला गोठ्याच्या पत्र्याखाली स्वच्छ प्लास्टिकचा ड्रम लावला. मीटरवर आकडा आला आठ. काकूंनी आधी पिण्याची कळशी भरून घेतली, मग घरातले बाकीचे ड्रम, आणि मग मापाचा एक तांब्या, स्टीलचा, माझ्या हातात दिला.