उलट्या आट्यांचे पायडल

सायकल खोलणे आणि जोडणे आम्हांस लहानपणापासून येत होते. ती दुसऱ्याच्या हाती सोपविणे मात्र साठी उलटल्यावर शिकावे लागले, आणि तेही पोटच्या मुलीकडून.

२०२३ सालचा अधिक श्रावण. हळर्णच्या आमच्या घराच्या पडवीत पुठ्ठ्याचे एक भले मोठे खोके उभे होते. कन्येला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकलप्रवासासाठी फ्रान्समधील रांबुईये गावी जायचे होते. १८९१ साली सुरू झालेला हा उपक्रम आता दर चार वर्षांनी भरतो. सुमारे १२०० किलोमीटरचे अंतर, आणि त्यासाठी जास्तीत जास्त ९० तास. त्याआधी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या पल्ल्यांची पात्रता मिळवावी लागते. ती तिने मिळविली होती. उरला होता प्रश्न सायकल सुखरूप पोहोचविण्याचा.

या प्रश्नाने आम्हांस एकदा पोळले होते. २०१९ साली ती दाबोळीहून दिल्लीला निघाली, तेव्हा सायकल आम्हीच बांधली. तिला हातही लावू दिला नाही. प्रेमापोटीच, पण लावू दिला नाही हे खरे. दिल्लीला खोके उघडले तो मागच्या गिअरचा हँगर वाकलेला. विमान कंपनीने कानांवर हात ठेवले. पण कंपनीला दोष देऊन आमची सुटका होत नव्हती, कारण गिअर सोडवून आत बांधायला विसरलो होतो आम्हीच. आणि त्याहून मोठी चूक अशी, की कोणता भाग कुठून निघाला हे तिला ठाऊक नव्हते. परक्या शहरात, मध्यरात्री, ती फोनवरून आम्हांस विचारीत राहिली.

म्हणून या वेळी तिने आधीच सांगून टाकले, "बाबा, तुम्ही खुर्चीवर बसा. तिकडे मलाच जोडायची आहे, तर इथे मीच सोडवते."

आम्ही बसलो. सीट खाली घेण्यापूर्वी तिने नळीवर चिकटपट्टीची खूण केली, म्हणजे उंची पुन्हा शोधावी लागू नये. मग पायडले. उजवे सरळ सुटते. डाव्याचे आटे उलटे असतात, चालविताना ते आपोआप सैल पडू नये म्हणून. नवखा माणूस सोडविण्याच्या नादात ते आणखीच घट्ट करतो. "बाये, उलटे..." एवढे आमच्या तोंडून निघाले. तिने नुसते पाहिले. पाना योग्य दिशेलाच फिरत होता.

मागचा गिअर सोडवून तिने बबल रॅपमध्ये गुंडाळला आणि चौकटीच्या आत बांधला. चाके काढल्यावर डिस्कब्रेकच्या पट्ट्यांमध्ये प्लास्टिकची चकती सरकवली, नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेला तर पट्ट्या एकमेकींना चिकटतात. प्रत्येक स्क्रू तिने परत त्याच्याच भोकात बसवला. टायरमधील हवा थोडी कमी केली. वर गेल्यावर टायर फुटतात हा समज तितकासा खरा नाही. मालकक्षातही हवेचा दाब राखलेला असतो, आणि ऐंशी पौंड दाबाच्या टायरवर त्यातील फरकाने चारेक पौंडांचीच भर पडते. पण बहुतेक कंपन्यांचा तसा नियम असतो, आणि हवा पुरती काढली तर धक्क्यात रिम उघडी पडते. दिव्यांच्या जादा बॅटऱ्या खोक्यात नव्हे, हातातल्या पिशवीत गेल्या.

आमच्या वाट्याला एकच काम आले. पुढचे चाक काढल्यावर फोर्कचे दोन पाय दाबले जाऊन वाकू नयेत, म्हणून मधे आधार लागतो. परसातल्या जुन्या फणसाच्या लाकडाचा बरोबर १०० मिलिमीटरचा तुकडा आम्ही तासून दिला. तो घट्ट बसला, तेव्हा तिने मान डोलावली. आम्हांस तेवढे पुरले.

आमच्या आईचा आक्षेप निराळाच होता: अधिक महिन्यात प्रस्थान कसे ठेवायचे? शेवटी तिनेच तोडगा काढला. आदल्या रात्री खोके शेजाऱ्यांच्या ओसरीवर, पावसापासून ताडपत्रीखाली ठेवले. म्हणजे सायकल घरातून आधीच निघाली! वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज देव आणि दप्तरे अशीच बांधून मुलूख सोडून आले. काय न्यायचे, काय मागे ठेवायचे, आणि नव्या जागी ते कोण उलगडणार, हे प्रश्न त्यांनाही पडलेच असतील. आमच्या गावाचे तर नावच परदेशी गेले आहे. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला जिंकला, आणि पुढे त्याला 'मार्केस द अलोर्ना' हा किताब मिळाला. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. पण महासागर तिलाही विमानानेच ओलांडावे लागले. सायकलीवर कितीही विश्वास असला, तरी एखादा टप्पा ती सोडवून, बांधून परक्याच्या हाती द्यावीच लागते.

मोपच्या सड्यावर २०२३च्या जानेवारीत विमाने उतरू लागली, त्यामुळे आता दाबोळीपर्यंतची यातायात नव्हती. पहाटे खोके सरकत्या पट्ट्यावरून आत गेले. त्यावर तिचे नाव तिच्याच अक्षरात होते.

दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. "सगळे बसले, बाबा. अर्धा तास लागला." तिने काही विचारले नाही. आम्ही आठवण करून देण्यासाठी तीन-चार गोष्टी कागदावर लिहून ठेवल्या होत्या; तो कागद घडी करून खिशात टाकला.

तिने प्रवास वेळेत पुरा केला आणि ती चवथीपूर्वी घरी परतली. फणसाचा तुकडाही परत आला, एका कडेला टवका उडालेला. तो आता हत्यारांच्या पेटीत आहे. पेटी मात्र आमच्या पडवीत नाही; ती तिच्या खोलीत आहे.