लग्नाआधीच्या सह्या

बेळगावात लग्न चर्चमध्ये लागते आणि सरकारदरबारचे कागद मागाहून होतात. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने फादरांना तो अधिकार दिलेला आहे. रजिस्टरात वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या झाल्या की काम झाले. माझे लग्न असेच लागले, माझ्या भावांचीही. मुलीचे मडगावच्या बाजूला ठरले आणि व्याह्यांनी पहिल्याच भेटीत विचारले, "सिव्हिलच्या सह्या कधी करूया?" घाट उतरला की कायदाही बदलतो, हे तेव्हा ध्यानात आले.

गोव्यात विवाहाचा पोर्तुगीज अमदानीतला कायदा अजून चालू आहे. १९४६ च्या एका डिक्रीने कॅथलिकांच्या चर्चमधल्या लग्नाला दिवाणी मान्यता मिळाली, पण अट घालून. आधी दोघांनी सिव्हिल रजिस्ट्रारपुढे इरादा नोंदवायचा, नोटीस लागायची, हरकत आली नाही तर दाखला मिळायचा. तो हाती आल्याशिवाय फादर लग्न लावीत नाहीत. लग्नानंतर चर्चमधला उतारा पुन्हा रजिस्ट्रारकडे जातो.

इकडे चर्चमध्येही रविवारी नावे पुकारतात. म्हणजे हरकत घेणाऱ्याला दोन्हीकडे मोकळीक! चर्चची रीत मात्र मला सरकारपेक्षा शहाणी वाटते. बाप्तिस्म्याचा कपाटात जपलेला दाखला तिथे चालत नाही, ताजा आणावा लागतो. कारण माणसाचे लग्न कुठेही लागो, त्याची नोंद बाप्तिस्मा झालेल्या चर्चच्या वहीत त्याच्या नावापुढे होते.

आमची दमछाक झाली ती नावापायी. जन्मदाखला कन्नडात, शाळेचा मराठीत, बाप्तिस्म्याचा इंग्रजीत. कन्नडातून फिरून येताना आमच्या डिसोझांचे 'डिसोजा' झाले होते. प्रतिज्ञापत्र झाले, भाषांतर झाले, शिक्के झाले. सीमाभागात जन्मल्याचा हा कर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भरतोच.

पण ही नुसती पायपीट. जीव अडकला तो मालमत्तेपाशी. गोव्यात वेगळा करार नसेल तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता सामाईक होते, आधीची आणि पुढचीही, निम्मी निम्मी. घर विकायचे तर दोघांच्या सह्या लागतात. हे नको असेल तर करारपत्र लग्नाआधीच करायचे.

आमचे थोरले बंधू वर्तमानपत्रातली कात्रणे ठेवणारे. गोमंतकीयाच्या राज्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही गोव्याचाच कायदा लागतो, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल त्यांनी पुढे ठेवला. "टिळकवाडीतले घर तिच्या नावे करणार ना तू? मग करार करूनच टाक. नाहीतर अर्धे गेले समज."

मुलगी चहा घेऊन आली होती. म्हणाली, "काका, त्यांच्या माडांतला अर्धा वाटा मला चालतो, आणि आपल्या घरातला त्यांना दिलेला चालत नाही?"

बंधू चष्मा पुसत बसले. मला माझी धाकटी बहीण आठवली. नवरा वारल्यावर तीन महिन्यांत दिरांनी तिला ट्रंकेसकट माहेरी पाठवली. बावीस वर्षे ज्या घरात तिने चूल सांभाळली, त्या घराच्या एकाही कागदावर तिचे नाव नव्हते.

पुढच्या खेपेला मडगावला गेलो तेव्हा विहीणबाईंपाशी भीतभीतच विषय काढला. त्या हसल्या. "माझी सही लागत नसती तर ह्यांनी शेत केव्हाच विकले असते. तीनदा कागद पुढे केला. तिन्हीदा मी म्हटले, पेन सापडत नाही." व्याही खिडकीबाहेर बघत राहिले.

रजिस्ट्रारच्या कचेरीत त्या सोमवारी गर्दी होती. आमच्या पुढे एक हिंदू जोडपे आणि त्यांचे अकरा नातेवाईक. नंबर लागल्यावर कारकुनाने फॉर्मवरून मान न उचलता विचारले, "करार आहे?"

मुलीने माझ्याकडे पाहिलेही नाही. "नाही," म्हणाली, आणि सही केली. डिसोझा, 'झ' चांगला ठसठशीत काढून.