टाकीत माणूस उतरणार नाही

अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या वाड्यांत मुंबईकरांचे बंगले उभे राहिले, तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांची चूल त्यांच्यावर पेटते. कोणी रखवालदार, कोणी माळी, मी गवंडी. मालक मे महिन्यात येणार, बाकी वर्ष बंगला आपल्या हवाली. आता त्यातले जुने बंगले विक्रीला निघाले आहेत. गिऱ्हाईक सात-बारा पाहते, घरपट्टीच्या पावत्या पाहते. संडासाची टाकी शेवटी आठवते आणि मग आपल्यापैकीच कोणाला तरी हाक येते.

गेल्या उन्हाळ्यात नागावकडे असाच एक सौदा ठरत होता. गिऱ्हाइकाने टाकी तपासून मागितली. दलाल म्हणाला, "मामा, पोराला आत उतरवा. पाच मिनिटांचे काम. पाचशे जास्त देतो." पोरगा म्हणजे माझा पुतण्या, नुकताच बारावी झालेला. मी म्हटले, "शेठ, टाकीत माणूस उतरणार नाही. गाडी बोलवा." तो हसून म्हणाला, "तुम्हा लोकांना हे काम काय नवीन आहे?" पुतण्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. उत्तर त्यालाही हवे होते.

उत्तर कामानेच दिले. फरशी सरकवून आम्ही बराच वेळ लांब उभे राहिलो. मग बांबूला पांढरे फडके गुंडाळून तळापर्यंत सोडला. वर काढल्यावर फडक्याला जिथवर काळे चिकटले, तिथवर गाळ. गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा भरला, की उपसा करायलाच हवा. दोन-तीन वर्षांनी उपसा व्हावा असा नियम. इथे निम्मी टाकी गाळाने भरलेली. मधली भिंत शाबूत आहे का, पाणी शोषखड्ड्यात जाते की ओढ्यात, हेही बाहेरूनच बॅटरीच्या उजेडात कळते. काडी मात्र कधी पेटवू नये. आत मिथेन असतो.

आपल्या किनाऱ्याची जमीन पुळणीची. पावसाळ्यात भूजल वर येते आणि फुटक्या टाकीची घाण शेजारच्या विहिरीत उतरते. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ज्या जिल्ह्यात उभे राहिले, त्याच जिल्ह्यात राहून आपण विहिरीकडे दुर्लक्ष कसे करावे?

दुसरा वायू हायड्रोजन सल्फाइड. तो हवेहून जड, म्हणून खाली साचतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते. वास येत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

सुरक्षासाधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाल्यास दहा लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवली; २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. पण तीस लाखांनी घरातला कर्ता मुलगा परत येत नाही.

शेवटी उपसा करणारी गाडी आली, तिचा खर्च विकणाऱ्याने सोसला आणि सौदा झाला. त्या दलालाने मला पुन्हा बोलावलेले नाही. महिन्याचे दोन-तीन दिवस काम कमी झाले, घरात ते जाणवते. तरीही बंधू-भगिनींनो, एवढे सांगतो: तपासणीचे काम घ्या, त्याची पुरती मजुरी मागा, पण बांबू आत जाईल, माणूस नाही, हे आधीच बजावा. आणि ही गोष्ट घरातल्या पोरांना आजच सांगून ठेवा.