तीन कळसूबाई एकावर एक

वाळवंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? वाळूच्या टेकड्या, उंट आणि रणरणतं ऊन, हो ना? माझ्या भाचीच्याही तेच आलं. म्हणून मनालीला मी जेव्हा म्हटलं, "उद्यापासून आपण वाळवंटात," तेव्हा अंगावरचा स्वेटर ओढत ती हसायलाच लागली. "मामा, इथे तर देवदाराचं जंगल आहे!"

मनाली ते लेह हा रस्ता साधारण ४३० किलोमीटरचा. पूर्वी याहून लांब होता, कारण रोहतांग खिंड चढून जावं लागे. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि तो चढ वाचला. गंमत बघा, बोगद्यात शिरताना बाहेर जुलैचा पाऊस आणि हिरवंगार रान, आणि पलीकडे निघालो तर निळं आभाळ नि उघडे डोंगर. पावसाचे ढग या भिंतीला अडतात, पलीकडे फारसं काही पोचतच नाही. आपल्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लेहला? जेमतेम शंभर! थंडगार असलं तरी ते वाळवंटच.

तांडीला चंद्रा आणि भागा या दोन नद्या भेटतात आणि चंद्रभागा होते. हीच पुढे चिनाब. आपण पंढरपूरच्या भीमेला चंद्रभागा म्हणतो ते तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे. ही मात्र दोन नावांची बेरीज. भाचीने पुलावरून लगेच हात जोडले. आजीची शिकवण, दुसरं काय!

पहिला मुक्काम जिस्पाला केला. तिथून पुढे हवा फार विरळ होते, म्हणून शरीराला सवय होईपर्यंत घाई करायची नसते. आमच्या ड्रायव्हरभैयांचा आणखी एक नियम होता: नाले सकाळी ओलांडायचे. का, ठाऊक आहे? ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी गाडी उलटवू शकतो. पण वाटेत एक ट्रक आडवा झाला आणि झिंगझिंगबारला पोचेपर्यंत दोन वाजले.

नाला रस्त्यावरून नुसता धावत होता. पाण्याखाली दगड गडगडत असल्याचा आवाज येत होता. अलीकडे-पलीकडे गाड्यांची रांग. आणि त्या बर्फाच्या पाण्यात, गमबूट घातलेली दहाबारा माणसं मोठाले दगड हातोहात देत रस्ता भरत होती. कडेला डांबराच्या पिंपाखाली जाळ पेटवलेला, काळा धूर. ताडपत्रीच्या तंबूबाहेर एक बाई खडी फोडत बसली होती. पाठीला बाळ बांधलेलं, तोंडाला धुळीसाठी फडकं.

ही माणसं झारखंडमधल्या दुमक्याच्या बाजूची. सीमा सडक संघटनेच्या या रस्त्यांवर काम करायला दर उन्हाळ्यात ती येतात आणि बर्फ पडायला लागलं की परततात. जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात या कामगारांसाठी दुमक्याहून खास रेल्वेगाडी सोडली होती, कारण त्यांच्यावाचून काम अडतं. बर्फ, दरडी आणि नाले दर वर्षी रस्ता मोडतात, म्हणजे हा रस्ता दर वर्षी जवळजवळ नव्यानेच बांधावा लागतो.

भाची त्या बाईंशी शाळेतल्या हिंदीत बोलायला लागली. बाईंनी विचारलं, "तुम लोग इधर क्यों आए हो?"

"पहाड़ देखने."

बाई मोठ्याने हसल्या. "पहाड़ तो हमारे गाँव में भी है. उधर काम नहीं है."

भाची गप्प झाली. सकाळपासून "मामा, व्ह्यू पॉइंट कधी?" चाललं होतं, ते तिथून थांबलं. अडीच तासांनी आमची गाडी हिंदकळत पलीकडे गेली, तेव्हा तिने मागे वळून बराच वेळ हात हलवला. कुणी पाहिला की नाही, कोण जाणे. त्यांचे हात दगडांत गुंतले होते.

बारालाचा खिंड ओलांडून त्या रात्री सरचूच्या तंबूत राहिलो. डोकं ठणकत होतं, झोप कसली ती नाही. दुसऱ्या दिवशी गाटा लूप्स. एकाच डोंगरावर एकवीस वळणं! या घाटात भूत आहे म्हणतात. एका बंद पडलेल्या ट्रकचा क्लीनर मदतीची वाट पाहत थंडीने गेला, आणि तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागतो, अशी गोष्ट सांगतात. म्हणून लोक तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवतात, ढीगच साचलाय. ड्रायव्हरभैयांनीही एक ठेवली. माझा भुतावर विश्वास नाही, पण मी काही बोललो नाही.

पुढे पांगच्या अलीकडे नदीने आणि वाऱ्याने भुसभुशीत कडे कोरून खांब, बुरूज, खिडक्या केल्या आहेत. मग मोरेचं पठार, चहूकडे डोंगर आणि मध्ये सरळसोट सपाट रस्ता. आणि मग तांगलांग ला, उंची ५,३२८ मीटर. तीन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी खालीच राहतील! प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने निम्म्याच्या आसपास. गाडीतून उतरून दहा पावलं चाललो तर धाप लागली. तिथे फावडं कसं चालवत असतील, हा प्रश्न भाचीने विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उतरताना मीरूजवळची घळ मात्र बघायलाच हवी. आपला सह्याद्री कसा, काळ्या कातळाचे आडवे थर. इथे तेच थर उभे केलेले, जांभळे, हिरवे, तांबडे! भारताचा भूखंड आशियाला जाऊन धडकला, त्या रेट्याने खडक असे उभे राहिले. मी हे सगळं रंगवून सांगत होतो, तर भाची रस्त्याकडे बघत होती. "मामा, हे डांबर नवं आहे."

उपशीला सिंधू भेटली, गढूळ नि घाईत असलेली. संध्याकाळी लेहला पोचलो. खानावळीत शेजारच्या टेबलावर पुण्याचं एक कुटुंब होतं. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने मनालीला निघणार होते. त्या काकूंनी विचारलं, "काय गं, बघण्यासारखं काय काय आहे वाटेत?"

भाची म्हणाली, "काकू, झिंगझिंगबारचा नाला सकाळीच ओलांडा. आणि तिथे तंबूत एक छोटं बाळ आहे. जास्तीचे लोकरीचे मोजे असतील तर द्याल का?"

काकूंनी विचारलं, "केवढं बाळ?" तिने दोन्ही हातांनी माप दाखवलं.